भाकर खरी, भिंत निम्मी खोटी

भरीत उत्तम, भाकर त्याहून उत्तम, ताक मागाल तितकं, आणि भिंतीवर जे रंगवून ठेवलंय त्यातलं निम्मं खोटं. ज्यांना घाई आहे त्यांनी एवढं वाचून जेवायला निघावं. बाकीच्यांनी जरा बसावं, कारण भिंतीबद्दल मला बरंच बोलायचं आहे.

देवळीहून कळंबकडे जाताना, वर्धा नदीच्या पुलाच्या अलीकडे डाव्या हाताला ही खानावळ लागते. पाटीवर जे नाव आहे ते कोणी घेत नाही. ट्रकवाले, यवतमाळला दवाखान्यात निघालेले, लग्नाच्या खरेदीला वर्ध्याला चाललेले, सगळे तिला ‘म्हणीवाली खानावळ’ म्हणतात. मालकाचा मोठा भाऊ पेंटर आहे. दुकानांच्या पाट्या, बियाण्याच्या कंपन्यांच्या भिंतीवरच्या जाहिराती, बैलबंडीच्या मागच्या फळीवरची कमळं, हे त्याचं काम. फ्लेक्स आलं आणि ते सगळं बसलं. मग धाकट्यानं खानावळ टाकली तेव्हा चारही भिंती थोरल्याच्या हवाली केल्या आणि सांगितलं, म्हणी लिही, त्या कुठून आल्या तेही लिही, गिऱ्हाईक जेवण येईपर्यंत वाचत बसेल. कल्पना झकास आहे. अक्षर तर असं की छापील वाटावं.

आता जेवण. माझी गावात पिठाची गिरणी आहे, सासऱ्यांच्या मागे मीच चालवते, तेव्हा भाकरीबद्दल मी बोललेलं ऐकायला हरकत नाही. ज्वारीच्या पिठाला विरी, म्हणजे चिकटपणा, असते तोवरच त्याची भाकर होते. दळण शिळं झालं की विरी जाते, मग कितीही कढत पाणी घाला, थापताना कड फाटतेच. इथं चुलीशी बसलेली बाई परातीत हातानं थापते. ताटात भाकर आली तेव्हा मी आधी कडेवरून बोट फिरवलं. एक चीर नव्हती. पापुद्रा मोडला तर आतून वाफ आली आणि वासही ताज्या दळणाचा. जिथून पीठ येतं त्या गिरणीचा दगडही नीट टाकवलेला, म्हणजे छिन्नीनं खाचा पाडलेला, असणार. टाकी बुजलेल्या दगडावर पीठ तापतं, आणि तापलेल्या पिठाची भाकर जळकट लागते. तसं काही नव्हतं. आत जाऊन विचारलंच, “बाई, दळण कवाचं?” तर म्हणाली, “कालचं हाय जी. शिळ्या पिठाले मी हातच लावत नाई.” इथंच माझे अर्धे पैसे वसूल झाले.

भरीत पऱ्हाटीच्या जाळावरचं. कापसाची उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, झाली की लोक पऱ्हाटी, कापसाची वाळली झाडं, उपटून बांधावर रचतात, हे लोक ती आजूबाजूच्या शेतांतून आणतात. गॅसवर भाजलेल्या वांग्याची नुसती साल करपते. पऱ्हाटीच्या जाळात वांगं आत देठापर्यंत धुरानं शिजतं. वरून कांद्याची पात, हिरव्या मिरचीचा ठेचा, बाजूला जवसाची चटणी. थाळी १४० रुपयांची: दोन भाकरी, भरीत, झुणका, वरणभात, चटणी, ताक. तिसऱ्या भाकरीचे वीस वेगळे. झुणक्यात मात्र तेल जरा जास्त होतं. वरण पातळ. आमच्या ह्यांना घट्ट वरण लागतं, मला पातळ चालतं, यावरून थाळी यायच्या आधीच आमचं थोडं वाजलं होतं, आणि आमच्या डोक्यावर नेमकी पाटी होती: ‘बाजारात तुरी, भट भटणीला मारी’. तूर अजून बाजारात, आणि वरण घट्ट करायचं की पातळ यावरून घरात मारामारी. पाटीवर एवढंच लिहिलंय, ते पुरेसं आहे.

वाट मात्र फार पाहायला लावतात. आधी पाणी, मग दहा मिनिटांनी ताट, मग ताटात मीठ आणि लिंबू, मग पुन्हा शांतता. ‘नमनाला घडाभर तेल’ ही पाटी दारासमोरच लावली आहे, ती मालकानं स्वतःवरच लावून घेतली असावी. पाटीवर लिहिलंय की पूर्वी खेळ सुरू होण्याआधी देवांची नमनं इतकी लांबायची की मशालींचं घडाभर तेल तिथंच संपायचं. हे मला लगेच पटलं, कारण माझं माहेर तिकडे झाडीपट्टीत, आरमोरीच्या बाजूचं. धानाची कापणी झाली की आमच्याकडे रात्र रात्र नाटकं आणि दंडार, म्हणजे नाचगाण्याचा गावाकडचा खेळ. आता मोठमोठी स्टेजं आणि दिवे असतात, वडशाला कंपन्यांची बुकिंगं होतात. पण माझी आजी टेंभ्याच्या उजेडातली दंडार सांगायची. एक माणूस फक्त टेंभ्यावर तेल ओतायला उभा असे. गण, मग सरस्वती, मग गावचा देव, मग पाटील, आणि पोरं तोवर आयांच्या मांडीवर झोपलेली. तेल कोणाच्या घरून आलं यावरून दुसऱ्या दिवशी भांडण. म्हणीत तेल मोजलंय ते उगाच मोजलेलं नाही, ज्याच्या घरचं गेलं त्यानं ते मोजलंय.

सगळ्या खानावळीतली सर्वात चांगली पाटी मोरीजवळच्या कोपऱ्यात आहे, म्हणजे हात धुवायला जाणाऱ्यालाच दिसते. ‘गाड्याबरोबर नळ्याची यात्रा’. तिच्याखाली खिळ्याला खराखुरा नळा टांगला आहे. हातभर बांबू, खालचं पेर बंद, तोंडात चिंधीचा बोळा, आणि बाहेरून तेल पिऊन पिऊन काळा झालेला. मी बोट लावलं तर अजून काळं लागतं. बंडीच्या आखाला घालायचं वंगण यात असायचं. बंडीखाली तो लोंबकळत राहायचा, वाटेत चाक कुरकुरलं की उतरून चिंधीनं आखाला तेल द्यायचं आणि पुन्हा अडकवायचा. बंडी कळंबच्या चिंतामणीला निघाली की नळाही निघाला. त्याला ना भाडं, ना चालणं, ना नवस. सासऱ्यांच्या बंडीलाही असाच होता, त्यांच्या मागे तो कुठं गेला कोण जाणे. आमच्या बाजूला दोन कॉलेजची पोट्टी हात धूत होती. एक म्हणाला, “नळा म्हणजे पाण्याचाच नळ बे, गाडी धुवायचा.” दुसऱ्यानं वर पाहिलं, नळा पाहिला, वास घेतला आणि गप्प झाला. अशा दोन-चार वस्तू आणखी टांगल्या तर या खानावळीला तिकीट लावलं तरी लोक येतील.

पेंटरचा हात सगळ्यात खुलला आहे तो ‘उंटावरचा शहाणा’ मध्ये. रांजणात तोंड अडकलेलं वासरू, भोवती गाव, आणि उंटावरून आत येता येत नाही म्हणून भिंत पाडून घेणारा पाहुणा. शेवटी तो सल्ला देतो, आधी वासराची मान कापा. आणि मान कापल्यावरही तोंड रांजणातच राहतं म्हणून सांगतो, आता रांजण फोडा. वासराचे डोळे असे काढलेत की भाकर घशात अडकावी. खाली फक्त ‘एका गावात असं झालं’ एवढंच लिहिलंय. गाव कुठलं, राजा कोण, साल कोणतं, काही नाही. गोष्टीला गोष्ट म्हणून सांगितलंय, म्हणून मला त्या पाटीबद्दल काही तक्रार नाही.

तक्रार सुरू होते गल्ल्याच्या मागच्या भिंतीपासून. तिथं मोठ्या लाल अक्षरांत: ‘संक्रांत कोसळणे. १४ जानेवारी १७६१, मकर संक्रांतीच्या दिवशी पानिपतावर मराठी फौज बुडाली, तेव्हापासून संक्रांत म्हणजे संकट.’ बाजूला पडलेले घोडे, विश्वासराव, भाऊसाहेब, धुरळा. चित्र पाहून अंगावर काटा येतो, आणि मजकूर साफ चुकीचा आहे.

पानिपतची तारीख बरोबर आहे. १४ जानेवारी १७६१, बुधवार. पण त्या साली संक्रांत १४ तारखेला नव्हतीच. हे कळायला विद्वान लागत नाही. माझ्या लेकीनं शाळेत युवा दिनाला विवेकानंदांवर भाषण केलं होतं, ते पाठ करून घेताना माझंच पाठ झालं: जन्म १२ जानेवारी १८६३, मकर संक्रांतीचा दिवस. म्हणजे १८६३ मध्ये संक्रांत १२ तारखेला. आपल्या लहानपणी ती १४ ला होती. २०२४ मध्ये १५ ला आली, कॅलेंडर काढून पाहा. इंग्रजी तारखांच्या हिशेबात संक्रांत पुढं पुढं सरकते, साधारण सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस. तर मग १८६३ च्या शंभर वर्षं आधी ती १२ च्याही अलीकडे, दहाच्या आसपास पडणार. चौदाला कशी पडेल? त्या १४ जानेवारीपर्यंत तिळगूळ संपून गेला होता.

हे मी मालकाला सांगितलं.

“मावशी, पण हे तं सगळ्यांच्याच मोबाइलवर येते.”

“सगळ्यांच्या मोबाइलवर आलं म्हणून संक्रांत मागं सरकते का रे बाबू?”

“पानिपत तं झालंच ना?”

“झालं. मी कुठं नाही म्हणते. पण संक्रांत वाईट कशी झाली ते तुझ्या आईला विचार.”

त्याची आई मागे लसूण सोलत बसली होती. तिनं मान वर न करता सांगितलं, “औंदा ती कायच्यावर बसून आली थे पाहा ना पंचांगात.” आणि खरं तेच आहे. पंचांगात दर वर्षी संक्रांतीचं वाहन छापलेलं असतं, तिनं काय नेसलंय, काय खाते आहे, तोंड कुठल्या दिशेला, नजर कुठल्या दिशेला. ती जे नेसते, जे खाते ते महागणार, जिकडं पाहील तिकडं अरिष्ट, हे हळदीकुंकवाला आलेली प्रत्येक बाई बोलते. एखाद्यावर संक्रांत आली म्हणायला तेवढं पुरतं. त्यासाठी पानिपताला जायची गरज नाही. ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार आहेच की, तो शंभर टक्के त्या लढाईचा आहे. त्याची वेगळी पाटी करा, तेच चित्र चालेल.

माझा अनुभव असा की ज्या म्हणीत हाताचं काम आहे तिचा उगम बहुतेक वेळा त्या कामातच सापडतो, आणि जिच्या उगमात राजा येतो तिथं तारीख तपासावी. राजा आला म्हणून सगळंच खोटं असतं असंही नव्हे. ‘अटकेपार झेंडे’ची पाटी चोख आहे: १७५८, राघोबादादा, सिंधू नदीवरचा अटकेचा किल्ला. ‘गाढवाचा नांगर फिरवणे’लाही आदिलशाहीच्या मुरार जगदेवानं पुण्यावर फिरवलेला नांगर दिलाय, तोही ठीक. पण ‘हरभऱ्याच्या झाडावर चढवणे’साठी कुठल्याशा दरबारातल्या भाटाची दहा ओळींची कथा कशाला? खिडकीतून समोर पाहा. रस्त्यापलीकडं हरभरा उभा आहे, गुडघ्याएवढा. त्याच्यावर कोणाला चढवायचं म्हणजे काय करायचं ते गिऱ्हाइकाला आपोआप कळेल. त्या पाटीच्या जागी खिडकीची काच पुसली तरी काम होईल.

‘साडेतीन शहाणे’ या पाटीवर मात्र मी चिडले, आणि आमचे हे माझ्याहून जास्त. पाटीवर नाना फडणवीसांचं पगडीसकट मोठं चित्र आणि खाली बारीक अक्षरात ‘नाना व इतर’. अहो, नाना तर त्यातले अर्धे! पूर्ण शहाणे तीन: सखारामबापू बोकील, निजामाचे दिवाण विठ्ठल सुंदर, जे १७६३ मध्ये राक्षसभुवनच्या लढाईत पडले, आणि नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे. नाना कलमाचे पक्के, पण तलवारीचे नाहीत, म्हणून त्यांना अर्ध्यावर ठेवलं असं सांगतात. देवाजीपंत कुठले? नरखेडचे. आपल्या नागपूर जिल्ह्यातले, संत्र्यांच्या गावचे. “पुण्याचा अर्धा सगळ्या भित्तीभर,” हे ताटावरून उठत म्हणाले, “अन् नरखेडचा पुरा माणूस ‘इतर’मंधी?” आजूबाजूची माणसं हसली. मालकानं पेंटरला आतून बोलावलं. तो हातातला ब्रश पुसत आला, शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “चेहरा कसा काढू? फोटो हाय का त्यायचा?” फोटो कुठून असणार. पगडी काढा म्हटलं, आणि नाव मोठं.

यावरून मुख्य गोष्ट आठवली. भिंतीवर पुण्याचं सगळं आहे, ‘ध चा मा’ आहे, शनिवारवाडा आहे, १७७३ आहे, आनंदीबाईंच्या हातात बोरू आहे. आणि विदर्भातल्या खानावळीत विदर्भातलं जवळपास काही नाही. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ कुठं आहे? काळी जमीन आणि पांढरा कापूस याच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहे. ‘घेऊन जा गे मारबत’ कुठं आहे? ते आपण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बोलतो आणि एरवी वर्षभर नको असलेल्या माणसाच्या पाठीमागे बोलतो. नागपुरात काळ्या मारबतीची गोष्ट सांगतात ती दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या राणी बाकाबाईंची. त्या इंग्रजांना मिळाल्या म्हणून त्यांचा पुतळा काढतात म्हणे. ही मिरवणूक १८८० च्या दशकापासूनची. नागपूरचं नागपूरला असू द्या. आमच्या गावात ना राणी ना राजवाडा, तरी सकाळी पोट्टे पळसाचे मेढे, म्हणजे पोळ्याला दारात लावलेल्या फांद्या, दारांतून उपटून शिवेवर नेऊन टाकतात आणि ओरडतात, “ईडा पीडा, खासी खोकला, घेऊन जा गे मारबत!” ऐन पावसाळा सरतानाचे दिवस, घरोघरी ताप, चिखल, डास. रोगराईला शिवेबाहेर हाकलायला कोणत्या राणीनं फितूर व्हावं लागतं? हे मी पेंटरला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा हसला. म्हणाला, “मेढे मी काढतो मावशी, ते मले येतात.”

‘दुष्काळात तेरावा महिना’ची पाटी त्यानं छान केली आहे. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५ चं, दर वर्षी अकरा दिवस मागे पडतात, ते साठून साधारण तेहतिसाव्या महिन्याला अधिक मास येतो. २०२३ ला श्रावण दोनदा आला आणि पोळा सप्टेंबरच्या मध्यावर गेला. हिशेब बरोबर. फक्त एक गोष्ट मी त्यात घालीन. आमच्याकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी, पाडव्याला ठरतो, पाडवा ते पाडवा. मधे अधिक आला की तेरा महिने राबायचं, आणि साल मात्र बाराचंच. सासरे स्वतः मालक असून सांगायचे की तेराव्या महिन्याच्या ज्वारीवरून त्यांच्या वडिलांच्या काळी वाड्यावर चांगलीच कुरबुर व्हायची. धान्य संपत आलेलं, पुढचं पीक लांब, आणि पंचांग म्हणतं अजून एक महिना. पेंटरनं आकडे दिलेत, पण कोठीचा तळ काढला नाही.

३६ नंबरचं एक टेबलही आहे, तिथं दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवल्यात, कारण ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून असतात. नवीन लग्न झालेली जोडपी तिथं फोटो काढतात. बरं आहे.

‘ताकाला जाऊन भांडं लपवणे’ ताकाच्या माठावरच लिहिलंय आणि शेजारी गडवा साखळीनं बांधलाय. घ्या तेवढं घ्या. ताकात मोहरी जरा कमी, पण आंबट नव्हतं. पाटीवर राजा नाही, दरबार नाही; शेजारणीकडं लोणी काढल्यावर उरलेलं ताक मागायला जायची लाज, एवढंच. ज्यानं ही ओळ लिहिली त्यानंच संक्रांतीची लिहिली यावर माझा विश्वास बसत नाही.

बाकीचं उरकते. गाड्या लावायला जागा भरपूर, सावली नाही. बायकांच्या संडासाची कडी तुटलेली होती, एकीनं आत जायचं आणि दुसरीनं बाहेर उभं राहायचं. म्हणीपेक्षा आधी ती कडी बसवा. फोनवरून पैसे घेतात, पण नदीजवळ रेंज जाते, तेव्हा सुटे ठेवा. भरीत हिवाळ्यातच, उन्हाळ्यात त्याच पैशात बेसनाची पाटोडी आणि रस्सा देतात, ते खाल्लेल्यांनी तिखट आहे म्हणून सांगितलं. दुपारी एकच्या आत गेलात तर जेवण लवकर मिळतं, नंतर एका भाकरीवाल्या बाईवर सगळी खानावळ असते.

शनिवारी गोवरीवरचे रोडगे आणि वांग्याची भाजी असते. त्यासाठी आदल्या दिवशी सांगावं लागतं आणि निदान दहा माणसं लागतात. आम्ही भावकी जमवतो आहोत. तोवर देवाजीपंतांची पगडी वाळलेली असेल असं पेंटर म्हणाला.